दम लागतो तो पोचल्यावर

जिना चढताना फारसा दम लागत नाही. तीन मजले माणूस बऱ्यापैकी ऐटीत चढतो, शेवटच्या पायऱ्यांवर उगाच वेगही वाढवतो, आणि दाराची घंटा वाजवून उभा राहिला की मग त्याचा ऊर धपापायला लागतो. दार उघडणारा "या, या" म्हणतो आणि आपण नुसती मान डोलावतो. काम चालू होतं तोवर चकार शब्द नाही आणि काम संपल्यावर एवढा कांगावा! या उलट्या कारभाराचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

त्याचं उत्तर असं की शरीर ऑक्सिजनच्या बाबतीत कायम उशिरा येतं.

नुसतं बसलेलं असताना प्रौढ माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. झपाट्याने जिना चढायचा तर हाच आकडा दीड-दोन लिटरपर्यंत जायला हवा. पायांची गरज पहिल्या पायरीलाच वाढते, पुरवठा मात्र त्याच क्षणी वाढत नाही. पहिली पंधरा-वीस सेकंदं हृदय जोरात चालतं आणि फुप्फुसांतून रक्त भराभर फिरतं, पण फुप्फुसांत येणारं रक्त अजून आधीचंच असतं. पायांनी ऑक्सिजन काढून घेतलेलं रक्त तिथवर पोचलं की मग शरीर हवेतून खऱ्या अर्थाने जास्त ऑक्सिजन उचलू लागतं. हा चढ सुरुवातीला झपाट्याचा, पुढे हळूहळू मंदावणारा असतो. काम बेताचं असेल तर दोन-तीन मिनिटांत घेणं आणि लागणं यांचा मेळ बसतो. बेतापलीकडचं असेल तर मेळ बसतच नाही, आकडा वर सरकत राहतो. आणि आपला जिना? तो तर मिनिटभरात संपतो. शरीराची तयारी होईपर्यंत आपण दारात पोचलेले असतो.

मग मधल्या वेळात पाय कशावर चालतात? उसनवारीवर. स्नायूंत एटीपी नावाचं जे रोखीचं इंधन असतं ते दोन-चार सेकंदांत संपण्याइतकंच. त्याच्या पाठीशी क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा, तोही जोरात पळालं तर दहा-बारा सेकंदांत आटत येतो. शिवाय साखर ऑक्सिजनविना अर्धवट मोडून थोडी ऊर्जा मिळते, आणि तिच्याबरोबर लॅक्टेट, म्हणजे साखरेचा अर्धवट मोडलेला भाग, तयार होतं. यातलं बरंचसं नंतर भरून द्यावं लागतं. आपण दारात धापा टाकत उभे असतो तेव्हा हीच फेड चालू असते.

ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने हा हिशेब विसाव्या शतकाच्या विशीत मांडला. स्नायूंवरच्या कामासाठी त्याला 1922 चं नोबेल मिळालं होतं. पण मला जास्त आवडतं ते हे की तो स्वतः गवतावर पळायचा, पाठीला पिशवी बांधून आपलाच उच्छ्वास तिच्यात गोळा करायचा आणि मोजायचा. वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजन घेणं वाढेना, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या बाबतीत ही हद्द मिनिटाला चार लिटरच्या आसपास होती. हिशेबाची दुसरी बाजू मात्र त्याने जरा फारच नीटनेटकी लावली होती. पुढच्या संशोधकांना दिसलं की जोराच्या व्यायामानंतर आपण घेतल्यापेक्षा जास्त फेडतो, कारण अंग तापलेलं असतं, रक्तात ॲड्रेनलिन असतं, हृदय आणि श्वासाचे स्नायूही अजून जोरात चाललेले असतात. शिवाय ज्या लॅक्टेटला आपण थकव्याबद्दल वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्यातलं पुष्कळसं हृदय आणि इतर स्नायू आनंदाने जाळून टाकतात.

धाप लागली की आपल्याला वाटतं, हवा कमी पडली. हवा मुळीच कमी पडलेली नसते. आत घेतलेल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर टाकलेल्या हवेतही सोळा-सतरा टक्के शिल्लक असतो. निरोगी माणूस जिना चढून आला तरी त्याच्या धमन्यांतलं रक्त ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं. तंगी आहे ती पुढे, रक्त किती पोचतं आणि स्नायू त्यातून किती काढून घेतात इथे. विश्रांतीत रक्तातला चौथा हिस्सा ऑक्सिजन वापरला जातो, जोराच्या कामात तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, ते वीस-पंचवीसवर जातं. फुप्फुसं बिचारी नाहक बदनाम. श्वासाला चाबूक मारतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि रक्ताची वाढलेली आम्लता. हा वायू शरीरात आधी मुरतो, मग फुप्फुसांपाशी येतो, म्हणून श्वासाची लाट ऑक्सिजनच्याही मागून येते. कांगाव्याला उशीर होतो तो असा.

हे सगळं मोजण्याची हौस जुनी आहे. साधारण 1790 च्या सुमाराला लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपला सहकारी सेगँ याच्या तोंडावर मुखवटा बसवून, त्याला पायाने यंत्र चालवायला लावून तो किती ऑक्सिजन घेतो हे पाहिलं होतं. काम करताना तो बसल्यापेक्षा पुष्कळ जास्त घेत होता. या प्रयोगांची चित्रं लव्हाझिएच्या बायकोने, मारी-ॲनने काढली आहेत, आणि त्यांत टेबलापाशी नोंदी घेत बसलेली तीही आहे. स्वतःला चित्रात बसवायला ती विसरली नाही, हे फार छान केलं.

आता हा उशीर सगळ्यांचा सारखा नसतो. कसलेल्या धावपटूचं शरीर बैठ्या माणसाच्या जवळपास निम्म्या वेळात कामाला लागतं. वय वाढलं की उशीर वाढतो, अंथरुणाला खिळलं तरीही वाढतो. नियमित चालण्या-पळण्याने काही आठवड्यांत तो कमी होतो, कारण स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशींतल्या भट्ट्या, वाढतात आणि आलेला ऑक्सिजन लगेच वापरला जातो. शर्यतीआधी खेळाडू अंग गरम करतात, त्यामागेही थोडंफार हेच गणित असतं.

आणि ती हिलची हद्द? ती साधारण तिशीनंतर दर दशकाला दहाएक टक्क्यांनी उतरत जाते, असं म्हणतात. पण 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांची ही हद्द चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. नंतर आठएक आठवडे कसून सराव केल्यावर ती मूळच्याही वर गेली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. पन्नाशीला आलेले, वजनं वाढलेली. तरी तीस वर्षांनी त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, ते त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलेल्यापेक्षा कमी निघालं. सहा महिने बेताचा व्यायाम करून त्यांनी तेही भरून काढलं, आणि ते हृदयाच्या जोरावर नव्हे, तर रक्तातून ऑक्सिजन काढून घेण्याच्या स्नायूंच्या वाढलेल्या कसबावर. विशीत सरावानंतर गाठलेली उंची मात्र पाचांपैकी एकालाही पुन्हा गाठता आली नाही.