तुम्ही विचारलंत म्हणून: कासवांची मारामारी मुलांना बघू द्यावी का?

मी डोंबिवलीत लहान मुलांना कराटे शिकवते. क्लास सुटला, मुलं पाण्याच्या बाटल्या शोधायला लागली, की कोणीतरी आई किंवा बाबा हळूच बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, हा दिवसभर ती निन्जा कासवं बघतो. मग घरात उड्या, लाथा, धाकटीच्या पाठीत गुद्दे. बंद करून टाकू का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता नीट बसून उत्तर लिहावं म्हटलं.

बहुतेक मुलं ज्या मालिकेबद्दल बोलतात ती म्हणजे ‘राइझ ऑफ द टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स’. निकेलोडियनची, २०१८ ते २०२० या काळातली. न्यूयॉर्कच्या गटारांत राहणारी चार कासवं, सख्खे भाऊ म्हणून वाढलेली, आणि त्यांना सांभाळणारा म्हातारा उंदीर. मी ती पूर्ण पाहिली आहे, काही भाग पुन्हा पुन्हा. माझं उत्तर असं: बंद करू नका. अगदी लहानग्यांना दाखवू नका, कारण तिचा वेग त्यांना झेपत नाही. जरा मोठ्या मुलांना बघू द्या, आणि जमेल तेव्हा शेजारी बसा.

तुमची भीती खोटी नाही, हे आधी सांगते. मुलं पाहिलेलं करून बघतात. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६१ मध्ये ७२ मुलांवर जो प्रयोग केला, तो आजही मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या ‘बोबो’ बाहुलीला हातोडीने बडवलेलं ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर बाहुलीला तसंच बडवलं. १९६३ मध्ये त्यांनी तेच पडद्यावर दाखवलं. त्यात एक प्रकार कार्टूनसारखा होता, काळ्या मांजरीचा वेश घातलेली बाई बाहुलीला मारते असा. ते पाहूनही मुलांनी मारलंच. पण १९६५ चा पुढचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मारणाऱ्याला नंतर ओरडा बसतो असं ज्यांनी पाहिलं, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मात्र खाऊ देऊ केल्यावर तीच मुलं सगळं जसंच्या तसं करून दाखवू शकली. म्हणजे डोक्यात सगळं जातंच. बाहेर काय येणार, हे गोष्टीत मारण्याच्या आधी आणि नंतर काय घडलं त्यावर बरंच ठरतं. म्हणून "यात मारामारी आहे का?" एवढं विचारून मी थांबत नाही. एखादं पात्र मारायला का धावलं आणि धावल्यावर त्याचं काय झालं, ते बघते.

ही कासवं मुळात मुलांसाठी नव्हतीच. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या डोव्हर गावातून, काळ्या-पांढऱ्या कॉमिकमध्ये ती पहिल्यांदा आणली. त्यात रक्तपात होता. १९८७ मध्ये मुलांची मालिका निघाली आणि खेळण्यांनी दुकानं भरली, तेव्हा तुमचाच प्रश्न ब्रिटनमधल्या मोठ्या माणसांना पडला. तिथे नावातला ‘निन्जा’ काढून ‘हिरो’ घातला गेला आणि मायकेलअँजेलो या कासवाच्या हातातल्या नानचाकूची (साखळीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या) दृश्यं कापली. त्यामुळे मुलांनी उड्या मारणं थांबवलं असेल असं मला वाटत नाही. शस्त्र कापून टाकणं सोपं होतं. भाऊ एकमेकांशी कसे वागतात, ते कोणी पाहिलं नाही.

आणि ‘राइझ’ या मालिकेचं सगळं सार त्यातच आहे.

आधीच्या मालिकांत चारही कासवं साधारण सारखीच दिसायची, फक्त डोळ्यांवरच्या पट्टीचा रंग वेगळा. इथे चौघं चार वेगळ्या जातींची आहेत. राफएल हा मोठ्या जबड्याचं चावरं कासव, धिप्पाड, काटेरी पाठीचा. लिओनार्डोच्या चेहऱ्यावर लाल पट्टे आहेत, कारण तो लाल कानाचं कासव. (आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत हीच जात मिळते. मालिका बघून मुलाने हट्ट धरला तर आणू नका. ती वाढतात, मग लोक तळ्यात सोडून देतात आणि तिथली स्थानिक कासवं अडचणीत येतात.) डोनाटेलोची पाठ मऊ आहे. ती उघडी पडू नये म्हणून तो स्वतः बनवलेलं यांत्रिक कवच पाठीवर चढवतो. धाकटा मायकी, म्हणजे मायकेलअँजेलो, पेटीसारखं कवच बंद करून आत शिरतो. चौघांची लढायची पद्धत त्यांच्या शरीरातून येते, आणि शरीर स्वभावाला शोभेल असंच आहे. कराटे शिकवणाऱ्या माणसाला हे बघताना फार बरं वाटतं. वर्गातल्या जाड मुलाला बारक्या मुलाची लाथ शिकवून उपयोग नसतो, हे मला रोज दिसतं. इथे ते न सांगता दाखवलंय.

पहिल्याच भागात न्यूयॉर्कच्या पोटातल्या एका लपलेल्या नगरात ही पोरं पोचतात आणि तिथून जादूची शस्त्रं घेऊन येतात. लिओला मोठी तलवार मिळते. ती फिरवली की हवेत दार उघडतं, एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं. राफच्या टोन्फांतून (बाजूला मूठ असलेल्या आखूड काठ्या) लाल प्रकाशाचा राक्षसी देह उभा राहतो, मायकीच्या साखळीला आग लागते. डोनी मात्र स्वतःच्या यांत्रिक काठीवरच राहतो, त्याचा विश्वास स्वतःच्या हातच्या वस्तूवर. आणि मग काय होतं? शस्त्र हातात आहे, पण वापरता येत नाही. लिओ दार उघडतो ते भलतीकडेच. ज्याला वाचवायचं तो तिसऱ्याच ठिकाणी जाऊन आपटतो. बराच काळ मालिकेतला विनोद यातूनच निघतो, आणि तो अगदी खरा आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी नानचाकू हवा असतो आणि उभं राहायचं कसं ते शिकायचं नसतं.

शिकवणार कोण? स्प्लिंटर, म्हणजे तो उंदीर, जुन्या मालिकांतला शांत, गंभीर गुरू नाही. हा आरामखुर्चीत पडून टीव्ही बघतो. पोरांना नावाने हाकही मारत नाही, ‘निळ्या’, ‘जांभळ्या’ असं पट्टीच्या रंगाने बोलावतो. कासवं जे काही हातपाय हलवायला शिकली ती लू जित्सू नावाच्या जुन्या मारधाडपटांच्या नायकाचे सिनेमे बघून. म्हणजे तुमचा मुलगा जे करतोय तेच! पुढे कळतं की तो नायक म्हणजे हा खुर्चीतला बापच, उंदीर होण्याआधीचा. त्याच्या लोळण्यामागे मोठं दुःख आहे, पळून आलेला भूतकाळ आहे. मुलांना हा भाग फार आवडतो, आणि मोठ्या माणसांना लागतो. पडद्यावरचा हिरो बघून पोरं शिकत होती, आणि तो रोज समोर बसलेला होता, पण उठून शिकवत नव्हता.

आता राफबद्दल बोलते, कारण माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात चांगलं लिखाण त्याच्या वाट्याला आलंय. आधी पुढारी नेहमी लिओ असायचा. इथे राफ आहे, कारण तो थोरला आहे. एवढंच कारण. आपल्याकडच्या प्रत्येक थोरल्याने "तू मोठा आहेस ना, तू समजून घे" हे वाक्य ऐकलेलं असतं. राफ तेच वाक्य अंगाखांद्यावर घेऊन फिरतो. भावांना काही झालं तर चूक त्याची. घाबरायचं असेल तर आधी त्यांची सोय लावून मग. एका भागात तो गटारांच्या जाळ्यात एकटा पडतो आणि एकटेपणाने इतका बिथरतो की रानटी होतो, शोधायला आलेल्या भावांनाही ओळखत नाही. सगळ्यात ताकदवान पोरगा, आणि त्याला सगळ्यात जास्त भीती एकटं राहण्याची. मुलांच्या विनोदी मालिकेत थोरल्या भावाचं हे मन इतक्या प्रेमाने दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

धाकटा मायकी मात्र भावांच्या मनात काय चाललंय ते आधी ओळखतो आणि रुसलेल्याला बोलतं करतो. चार भावंडं, अंगी काही विलक्षण शक्ती, आणि थोरल्याची समजूत काढणारं धाकटं, ही गोष्ट मराठी घरात कोणाला परकी वाटू नये. भिंत चालवणारी चार भावंडं आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेर काढणारी मुक्ताईही.

माझ्या वर्गात दोन भाऊ आहेत. थोरला शिस्तीचा, धाकटा वारं प्यायलेला. जोडीच्या सरावात मी दोघांविरुद्ध दोघे असा खेळ घेते. हातात स्पंजच्या काठ्या, पाठीला स्पर्श झाला की बाद. धाकटा दर वेळी मी "हाजिमे", म्हणजे सुरू करा, म्हणायच्या आधीच घुसायचा आणि पहिल्या झटक्यात बाद व्हायचा, मग थोरला एकटा पडायचा आणि त्याच्यावर चिडायचा. एके दिवशी थोरल्याने खेळ सुरू व्हायच्या आधी धाकट्याच्या कानात काहीतरी सांगितलं. सुरुवात झाली तेव्हा थोरला समोर गेला, समोरच्या दोघांच्या काठ्यांचे वार स्वतःकडे ओढून घेतले, आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकला. बरोबर त्या फटीतून धाकटा आत शिरला. समोरच्या एकाच्या पाठीला काठी लागली. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? थोरला म्हणाला, "मी राफ आहे, हा मायकी आहे. राफ आधी मार अडवतो." ते अर्धं पाऊल मी अनेक वर्षं मुलांच्या गळी उतरवायचा प्रयत्न करते आहे. अंतर आणि वेळ, या दोन गोष्टी समजावून सांगायला सगळ्यात कठीण. त्याला त्या कासवाच्या स्वभावातून समजल्या.

तंत्राबद्दल थोडं. मालिकेतल्या लाथा जशाच्या तशा शिकण्यासारख्या नाहीत, शरीरं रबरासारखी ताणलेली असतात, चित्र एका क्षणात लांबतं आणि पुन्हा आखडतं. सिडनीच्या ‘फ्लाइंग बार्क’ या स्टुडिओने हे काम केलंय आणि मारामारीच्या चित्रणात त्यांचा हात धरणारे थोडे. पण बारकाईने बघा, वजन कुठे पडतंय ते प्रत्येक हालचालीत दिसतं. राफ उतरला की जमीन दबते, लिओ उतरला की सरकतो. शस्त्रं म्हणाल तर टोन्फा, साई (त्रिशूळासारखं छोटं शस्त्र), बो (लांब काठी) आणि नानचाकू ही जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या कोबुदोतली, म्हणजे तिथल्या जुन्या शस्त्रविद्येतली, जिथून आमचं कराटेही आलं. मुलाला कुतूहल असेल तर त्याला जगाच्या नकाशावर ओकिनावा शोधायला लावा. माझ्या वर्गात त्याचा चांगला उपयोग झालाय.

आणि मालिका जिथे जाऊन पोचते, ते मला मनापासून पटतं. शेवटच्या भागांत श्रेडर या मुख्य शत्रूसमोर जादूच्या शस्त्रांनी निभत नाही. घराण्याकडून, पिढ्यान्‌पिढ्या आलेली शक्ती चौघं एकमेकांना धरून उभे राहिल्यावरच जागी होते. नंतर स्प्लिंटर पुढारीपण लिओकडे देतो, आणि राफला ते सोसावं लागतं. थोरल्याकडून धाकट्याकडे मान जाणं ही घराघरांतली गोष्ट आहे, आणि मालिका ती हसण्यावारी नेत नाही.

आता प्रश्न सिनेमाचा. २०२२ चा, नेटफ्लिक्सवर आहे, त्याच कथेचा पुढचा भाग. मुलं लगेच तो मागतील. तो मालिकेपेक्षा बराच गडद आहे. क्रँग नावाचे परग्रहवासी माणसांच्या शरीरात शिरतात, एका भावाची जी अवस्था होते ती बघणं मोठ्यांनाही जड जातं. लिओ आणि राफ यांच्यातलं भांडण त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि चित्रपट उत्तम आहे, यात मला शंका नाही. पण मालिका बघून झाल्यावर, नऊ-दहा वर्षांच्या पुढेच, आणि दिवसा दाखवा. घरात दोन मुलं असतील तर दोघांना एकत्र बसवा. मध्ये कोणी रडलं तर थांबवा, रात्री झोपताना धाकट्याने काही विचारलं तर उत्तर थोरल्याला देऊ द्या.

धाकटीच्या पाठीतले गुद्दे मात्र त्याच दिवशी थांबवा, त्यासाठी टीव्ही बंद करायची गरज नाही. आमच्याकडे नियम आहे, समोरच्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय हात उचलायचा नाही, आणि "यामे" म्हटलं की जिथे आहे तिथे थांबायचं. हा नियम घरीही लावा. आणि पुढच्या वेळी क्लासला आलात की तिलाही सरावाला उभी करा. बाकावर बसून ती सगळं बघत असते, आणि आकडे जपानीत मोजायला तिला त्याच्याआधी येतात.