३८६ पत्रे आणि मेल मर्ज : माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना पाठवताना प्रत्येक सभासदाला त्याच्या शेअर्सची रक्कम आणि त्यावरील लाभांशही कळवण्याची पद्धत आहे. सभासद ३८६. इतकी वर्षे मी वर्डमध्ये एकच पत्र उघडून नाव, पत्ता आणि आकडे बदलून छापत असे. गेल्या वर्षी एका पत्रात आधीच्या सभासदाचा लाभांश तसाच राहिला. ते गृहस्थ शांतपणे पत्र परत घेऊन आले, पण पैशाच्या कागदात अशी चूक होता कामा नये, म्हणून यंदा मी मेल मर्ज, म्हणजे यादीतील नावे आणि आकडे एकाच पत्राच्या प्रतींत आपोआप भरण्याची वर्डमधील सोय, शिकून घेतले.

एक्सेलमध्ये सभासदांची यादी करायची, पहिल्या ओळीत प्रत्येक स्तंभाचे शीर्षक द्यायचे, वर्डच्या 'मेलिंग्ज' टॅबमधून ती यादी पत्राला जोडायची आणि जिथे नाव किंवा रक्कम हवी तिथे त्या स्तंभाची जागा ठेवायची, एवढेच मूळ काम आहे. 'श्री.' आणि 'श्रीमती' यांसाठी मी वेगळा स्तंभ केला. आपल्या पत्रव्यवहारातील 'यांस' हा शब्द इथे फार उपयोगी पडला, कारण विभक्तीचा प्रत्यय त्याला लागतो आणि नाव यादीत असते तसेच राहते.

खरी अडचण पुढे आली. आमची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या फॉन्टमध्ये होती आणि पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतंत्र संकेत असलेल्या पद्धतीत होते, त्यामुळे नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटली. मेल मर्ज यादीतून केवळ मजकूर उचलते, फॉन्ट उचलत नाही. पत्रातील त्या जागेला जुना फॉन्ट दिल्याबरोबर नावे दिसू लागली, पण मी यादीच युनिकोडमध्ये रूपांतरित केली आणि जोडाक्षरे नोंदवहीशी ताडून पाहिली. यात पूर्ण एक दिवस गेला; तो वाया गेला असे मला वाटत नाही, कारण ही यादी आता दरवर्षी वापरता येईल.

रकमांचेही रूप बदलले होते: १,३१२.५० ऐवजी १३१२.५. सभासदत्वाच्या तारखांत महिना आधी आणि दिवस नंतर आला होता, आणि ५ ऑगस्टची ८ मे झालेली माझ्या लक्षातही आली नसती. एका पत्रात सतरावा महिना दिसला म्हणून मी थांबलो. एक्सेलमध्ये 'टेक्स्ट' सूत्राने रक्कम आणि तारीख हव्या त्या रूपात मजकूर म्हणून वेगळ्या स्तंभांत घेतली आणि पत्राला तेच स्तंभ जोडले.

शेवटी थेट छपाई न करता सर्व पत्रांची एकच फाईल तयार केली, त्यातील पंचवीस पत्रे खातेवहीशी पडताळली आणि दुपारी छपाईला बसलो. चार वाजेपर्यंत पत्रे पाकिटांत गेली होती.