निळा रंग पाण्यापासून सोडवताना

नकाशांवरून सुचलेली अमूर्त रेखाटने करायला घेतली, तेव्हा रेषांनी मला फारसे अडवले नाही. समोच्च रेषांचे (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचे) एकात एक वळसे आणि नद्यांची वळणे कागदावर सहज उतरत गेली. खरा प्रश्न उभा केला तो रंगाने. निळा दिसला की पाणी, हिरवा दिसला की सखल प्रदेश, तपकिरी दिसला की डोंगर, असे वाचायची डोळ्यांना इतकी सवय असते की चित्र बघता बघता भूगोलाच्या पुस्तकात जाऊन बसते.

म्हणून उंची दाखवण्याचे काम मी फक्त गडद-फिकेपणावर सोपवले आणि रंग मोकळा केला. दोन समोच्च रेषांमधल्या प्रत्येक पट्ट्याची करडी छटा आधी पेन्सिलीने ठरवायची आणि मग तेवढ्याच गडदपणाचा, मनाला येईल तो रंग तिथे भरायचा, अशी पद्धत बसली. त्यातून फिकट गुलाबी दरी, गेरूचा उतार आणि जांभळा माथा असे प्रदेश तयार झाले, आणि तरीही चढ चढच वाटत राहिला. चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहिला की ही चढण टिकली आहे का, ते लगेच कळते.

समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत, त्यामुळे शेजारचे पट्टे वेगळे दिसायला एकाआड एक असे दोनच रंग पुरतात. सीमारेषांचे तसे नाही. सपाट कागदावरच्या कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात हे १९७६ साली केनेथ ॲपेल आणि वोल्फगांग हाकेन या गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केले; ती मर्यादा मी सीमांच्या चित्रांत मुद्दाम पाळली आणि माझी रंगपेटी आपोआप शिस्तीत आली.

सर्वाधिक शिकवले ते इंग्लिश भूवैज्ञानिक विल्यम स्मिथ यांच्या १८१५ सालच्या भूवैज्ञानिक नकाशाने. हाताने रंगवलेल्या त्या नकाशात खडकाच्या थराची तळाकडची कड गडद आहे आणि तिथून रंग विरत जातो. मी तसे करून पाहिले: रेषेलगत अल्ट्रामरीन हा निळा जलरंग दाट लावला आणि तो ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या ब्रशने त्याची एकच बाजू बाहेर ओढली. खरखरीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण बसले आणि कडेपासून दूर जाताना ते विरळ होत गेले. थॅलो या दुसऱ्या निळ्या रंगाने मात्र ही दाणेदार पोत दिली नाही. तो कागदात मुरतो आणि नंतर पुसून उचलताही येत नाही. त्यामुळे विरत्या कडांसाठी अल्ट्रामरीन आणि सपाट, ठाम पट्ट्यांसाठी थॅलो, अशी वाटणी मी केली. गेरूला खेटून आलेली निळी कड तर इतकी उजळते की तिथे पाण्याची आठवणसुद्धा होत नाही.

सध्या नदीची जुनी-नवी पात्रे एकावर एक पारदर्शक थरांत रंगवतो आहे. खालचा थर पूर्ण वाळल्यावरच वरचा द्यावा लागतो, नाहीतर दोन्ही पात्रे मिसळून त्यांचा काळाचा क्रमच हरवतो.