हौदाची नोंद, ज्येष्ठ ते माघ: उवा, कापूस आणि पांढरे दाणे

मागची नोंद हौदाची गळती थांबली तिथे संपली होती. त्यानंतरचे आठ महिने बहुतेक माशांची कातडी न्याहाळण्यात गेले. एक मासा गेला, दहा वाचले. काय दिसलं, मी त्याला काय समजले आणि ते प्रत्यक्षात काय निघालं, हे सगळं क्रमानं लिहिते.

नव्यांसाठी आधी हौदाचं माप. कर्वेनगरात बंगल्याच्या मागच्या अंगणात १० फूट लांब, ६ फूट रुंद हौद आहे, पाणी सव्वादोन फूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण ३,८२० लिटर. हा आकडा मी कठड्यावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय. औषधाची प्रत्येक मात्रा त्यावर ठरते, आणि मासे आजारी असताना घाईत केलेला गुणाकार हमखास चुकतो. जूनआधी वस्तीला सात कॉमेट गोल्डफिश, एक शुबंकिन (तोही गोल्डफिशच), एक कोई (रंगीत कार्प, ती या हौदाला मोठीच आहे) आणि डासांसाठी सोडलेले गप्पी.

पालखीचा आठवडा

जूनच्या सुरुवातीला एका दुकानातून दोन लहान शुबंकिन आणि जलपर्णीची चार रोपं आणली आणि त्याच संध्याकाळी हौदात सोडली. वेगळी ठेवली नाहीत. टब रिकामा होता, तरीही नाही. चूक माझीच.

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा अण्णांनी (माझे सासरे, हौद त्यांनीच बांधलाय आणि सकाळचा चहा ते हौदाच्या काठावरच घेतात) सांगितलं, "अगं, ती शेंदरी आज तीनदा कमळाच्या कुंडीला अंग घासून गेली. खाज सुटल्यासारखी करतेय."

मासा अंग घासतो म्हणजे कातडीला काहीतरी टोचतंय, एवढंच त्यावरून कळतं. काय टोचतंय ते कळत नाही. अमोनिया वाढला तरी घासतो, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं घासतो, परजीवी असले तरी घासतो. म्हणून आधी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू (पीएच) ७.८. पाण्याचा दोष नव्हता.

मग शेंदरीला पाण्यातच भांड्यात घेतलं. जाळीनं पकडू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण जाळीनं अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि तोच तर माशाचं चिलखत असतो. छातीच्या पराच्या मागे, खवल्यांवर, मसुरीच्या डाळीएवढी एक हिरवट पारदर्शक चकती दिसली. आधी वाटलं खवला उचकटलाय. तेवढ्यात ती चकती सरकली.

माशाची ऊ, आर्ग्युलस. हिला ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पाच ते दहा मिलिमीटरची चपटी चकती, पुढे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि भिंगातून पाहिलं तर खालच्या बाजूला दोन गोल चूषक. ती एका जागी रुतून बसत नाही, अंगावर फिरते, पाण्यात पोहून दुसऱ्या माशावर जाते. अँकर वर्म, म्हणजे लर्निया, याच्या अगदी उलट. त्याची मादी डोकं मांसात रोवून बसते आणि बाहेर दोऱ्यासारखी लोंबते, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. दोन्ही कवचधारी वर्गातलेच, पण लर्निया उपटताना डोकं आत तुटून राहण्याची भीती असते. ऊ चिमट्यानं पुढच्या बाजूला सरकवत ओढली की सुटून येते.

सगळ्या अकरा माशांना एकेक करून ओल्या टॉवेलवर घेतलं, डोळे झाकले, चिमट्यानं उवा काढल्या. एकूण २३. जिथं सोंड टोचली होती तिथं लाल ठिपका होता, त्यावर कापसाच्या बोळ्यानं पोव्हिडोन आयोडीन टेकवलं. हे कल्ल्यांपाशी अजिबात जाऊ देऊ नका. एकही मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवला नाही.

पण उवा वेचल्यानं काम संपत नाही. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि भिंत, कुंडी, दगड अशा कठीण जागी चिकट पट्टीत ओळीनं अंडी घालते. आपल्याकडच्या पावसाळी पाण्यात, माझ्याकडे तेव्हा २४ अंश होतं, ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात. आज सगळ्या उवा काढल्या तरी तिसऱ्या आठवड्यात नवी पिढी हजर.

डायफ्लुबेन्झुरॉन नावाचं औषध उवांची कात टाकण्याची क्रिया बंद पाडतं आणि ते लागू पडतं. मी वापरलं नाही. माझ्या हौदात चतुरांच्या अळ्या आहेत आणि ते औषध कात टाकणाऱ्या सगळ्यांनाच मारतं. मासे पन्नास असते तर कदाचित वापरलं असतं. अकरा होते, हातानं जमण्यासारखं होतं.

त्याऐवजी फलक लावले. परदेशातले ट्राउट मासे पाळणारे उवांनी अंडी घालावीत म्हणून पाण्यात फलक सोडतात, तीच युक्ती. पन्हळी प्लास्टिकचे एक फूट लांबीचे चार तुकडे कापले, क्रमांक घातले आणि दोरीनं सावलीच्या बाजूला लटकवले. दर रविवारी काढायचे, पट्ट्या मोजायच्या, खरवडून कडक वाळवायचे. कमळाच्या कुंड्या आणि भिंती मात्र काथ्याच्या ब्रशनं घासाव्याच लागल्या. पहिल्या रविवारी चार फलकांवर मिळून ९ पट्ट्या, मग ११, मग ६. दर पंधरवड्याला मासे तपासून उवा वेचायच्या. नागपंचमीपर्यंत माशांवर एकूण दोनच सापडल्या.

श्रावण: पांढरा कापूस

उवांच्या जखमांवर पांढरं काहीतरी उगवलं. इथं मी चुकले आणि त्याची किंमत एका माशानं दिली, म्हणून इथं जरा थांबते.

तीन माशांवर पांढरं दिसत होतं. कोईच्या पाठीवर आणि एका कॉमेटच्या शेपटीपाशी उभा, भुरभुरीत पुंजका होता, पाण्यात हलणारा, जणू पिंजलेला कापूस. नव्या शुबंकिनच्या ओठांवर आणि पाठीच्या पराखाली पांढुरका पिवळसर चपटा पापुद्रा होता, कडेला लालसर. मी तिघांनाही बुरशी म्हटलं. तिघांना १५० लिटरच्या टबात घेतलं, ४५० ग्रॅम जाडं मीठ घातलं, म्हणजे ०.३ टक्के, हवा लावली आणि आठवडाभर वाट बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शुबंकिनचा पापुद्रा पाठीच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखा पसरला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्यानंतर मी शुबंकिनच्या जखमेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली घातली (जुन्या बाजारातून घेतलेला, शाळेतला साधा). आधी घालायला हवी होती. बुरशीचे जाड, फांद्या फुटलेले धागे दिसायला हवे होते, ते नव्हतेच. अगदी बारीक, लांबट काड्या होत्या, सरपटणाऱ्या, आणि कडेला एकत्र येऊन गवताच्या गंज्यांसारखे ढीग करणाऱ्या. हा जिवाणू, कॉलम्नॅरिस. नाव त्या गंज्यांवरूनच पडलंय. दिसायला कापूस, पण बुरशी नाही. उबदार पाण्यात, गर्दीत, जखमेवर तो दोन-तीन दिवसांत मासा नेतो.

कोई आणि कॉमेटवर मात्र खरीच बुरशी होती, सॅप्रोलेग्निया. ती मेलेल्या, दुखावलेल्या कातडीवर येते, हळू वाढते, थंड पाण्यात जास्त जोर करते. मासा पाण्याबाहेर घेतला की पुंजका चपटा होऊन गिळगिळीत गोळा होतो. जुनी झाली की शेवाळ धरून हिरवट दिसते. जखम स्वच्छ करून मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर दोघं बारा दिवसांत बरी झाली.

तेव्हापासून पांढरं दिसलं की मी असं बघते: उभं आहे की चपटं, कडा लाल आहे का, आणि काल संध्याकाळपासून वाढलं का. त्यासाठी एकाच कोनातून, शेजारी पट्टी धरून फोटो काढते. चपटं, पिवळसर आणि रात्रीत वाढणारं असेल तर मासा लगेच वेगळा करायचा आणि पशुवैद्याला फोन लावायचा, कारण तिथे प्रतिजैविक लागतं आणि ते कोणतं, किती, हे दुकानदारानं ठरवू नये. हौदात अंदाजानं प्रतिजैविक ओतणं तर मला मुळीच पटत नाही. गाळणीतले (फिल्टरमधले) अमोनिया मोडणारे उपयोगी जिवाणू त्यात मरू शकतात, मग अमोनिया चढतो.

पावसाळ्यात सगळ्या हौदाला मीठ का घातलं नाही, असं सिंहगड रोडच्या दादांनी विचारलं होतं. २०१९ मध्ये घातलं होतं. उघडा हौद, धो धो पाऊस, पाणी काठावरून वाहून गेलं आणि मीठ तीन दिवसांत शेजारच्या अळूत. पावसाळ्यात मीठ टबातच.

गणपती

आमचा शाडूचा गणपती दरवर्षी हौदातच विसर्जित होतो. यंदा टबातून नुकतेच परत आलेले मासे हौदात होते. शाडूनं पाणी गढूळ होतं, बारीक माती कल्ल्यांत जाते. अण्णांना कसं सांगायचं, या विचारात मी दोन दिवस होते. दीड दिवसाच्या संध्याकाळी ते स्वतःच पितळी घंगाळ घेऊन आले. "यात करू. त्यांना अजून बरं वाटायचंय," म्हणाले. ती माती नंतर जास्वंदीला घातली. निर्माल्य तर हौदात कधीच नाही. फुलं कुजली की अमोनिया.

मार्गशीर्ष: पांढरे दाणे

डिसेंबरात रात्री गारठ्याच्या झाल्या, सकाळी सहाला हौदाचं पाणी १७ अंश. तीन कॉमेटच्या शेपटीवर आणि पाठीवर रव्याच्या दाण्यासारखे ठिपके आले. इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. या वेळी खरवड आधी घेतली. मोठा, हळू फिरणारा गोल जीव आणि आत घोड्याच्या नालासारखं केंद्रक. शंकाच उरली नाही.

याचं चक्र माहीत नसेल तर औषध वाया जातं. अंगावरचा दाणा कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, कोष करतो, त्यातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मारायचं ते याच अवस्थेत. २५ अंशांना सगळं चक्र चार-पाच दिवसांत संपतं, थंडीत दहा-पंधरा दिवसांवर जातं. ठिपके गेले म्हणून पाचव्या दिवशी थांबलो तर तळाशी कोष तसेच असतात.

पाऊस नव्हता, म्हणून या वेळी हौदालाच मीठ. कमळाच्या कुंड्या बाहेर काढून मासे नसलेल्या टबात ठेवल्या, कमळाला मीठ सोसत नाही. साडेअकरा किलो जाडं मीठ तीन दिवसांत, बादलीत विरघळवून, रोज पावणेचार-चार किलो. चार आठवडे ठेवलं. ठिपके नवव्या दिवशी दिसेनासे झाले, तरी ठेवलं. मग आठवड्याला पाव हौद पाणी बदलून कमी केलं. नळाचं पाणी आदल्या दिवशी टाकीत भरून त्यात क्लोरीन जावं म्हणून सोडियम थायोसल्फेट घालते. बोअरचं पाणी आमच्याकडे फार जड आहे, ते निम्मंच वापरते.

याच थंडीत कोईच्या परावर मेणबत्तीचं मेण सांडल्यासारखे गुळगुळीत थेंब आले. कार्प पॉक्स, विषाणू. औषध नाही, पाणी तापलं की सहसा जातात. हात लावला नाही.

माघ

गेल्या आठवड्यात अण्णांनी पुन्हा हाक मारली. दोन कॉमेटच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काठावर बारीक पांढरे दाणे. मागच्या वर्षी हेच पाहून मी इक समजून घाबरून मॅलाकाइट ग्रीन हे औषध घातलं होतं. मासे आठवडाभर मरगळले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. या वेळी नीट पाहिलं. दाणे फक्त तिथंच, ओळीत, सारख्या आकाराचे. शेपटीवर, पाठीवर एकही नाही. मासे अंग घासत नाहीत, खाणं व्यवस्थित, आणि दोघंही एका पोट सुटलेल्या मादीच्या मागे. विणीच्या काळात नरांना येणारे दाणे आहेत हे. काहीच केलं नाही.

आजची स्थिती: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू ७.६, पाणी सकाळी १९ अंश. कोईच्या पाठीवर नवे खवले आलेत, जरा फिकट. फलकांवर सहा रविवार एकही पट्टी नाही. मागच्या अंगणातल्या टबात नव्या शुबंकिनचा आज नववा दिवस, तीस पूर्ण होईपर्यंत तिथेच. नवी जलपर्णी दुसऱ्या टबात, माशांविना, दीड महिना. अण्णांनी विणीसाठी काथ्याचे दोन झुबके बांधून दिलेत, ते उद्या सकाळी सोडणार आहे.