दोन मोडबस जाळी, एक गेटवे: ड्रायव्हरच्या मांडणीची प्रगती-नोंद

मोडबस म्हणजे औद्योगिक उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा. ती बोलणाऱ्या, टेबलावरच्या दोन्ही आरएस-४८५ (सिरियल तारेच्या) लाइन आता इथरनेटवरून एकाच वेळी वाचता येतात आणि त्यांतील उपकरणांना लिहिताही येते. पहिल्या लाइनवर एक एनर्जी मीटर आणि दोन जुने तापमान नियंत्रक आहेत; ती ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट), इव्हन पॅरिटीने (चूक तपासणाऱ्या जादा बिटासह) चालते. दुसऱ्या लाइनवर एक व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) आणि एक डिजिटल इनपुट-आउटपुट मॉड्यूल असून तिचा वेग १९२०० आहे व पॅरिटी नाही. दोन्ही लाइन एकाच तारेवर आणण्याचा विचार सोडून दिला, कारण तापमान नियंत्रक ९६०० च्या वर जात नाहीत आणि ड्राइव्हला संथ लाइनवर बसवणे मला पटत नाही. शिवाय मीटर आणि ड्राइव्ह या दोघांचाही स्लेव्ह पत्ता, म्हणजे विचारल्यावरच उत्तर देणाऱ्या उपकरणाचा लाइनवरील क्रमांक, १ आहे. जाळी वेगळी ठेवली की तो बदलण्याची गरजच उरत नाही.

मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे आणि त्यावर एमबसडी हा मुक्त स्रोत गेटवे, म्हणजे इथरनेट आणि सिरियल लाइन यांच्यातला दुभाषी, दोनदा चालतो: पहिल्या लाइनसाठी पोर्ट ५०२ वर आणि दुसऱ्या लाइनसाठी ५०३ वर. वरच्या बाजूला एका वेगळ्या संगणकावर ओपनपीएलसी हा प्रोग्राम नियंत्रण सांभाळतो आणि नोड-रेड हा दुसरा प्रोग्राम आलेख दाखवतो. गेटवेचे काम ऐकायला साधे आहे. मोडबस टीसीपीच्या संदेशापुढे सात बाइटचे शीर्ष असते. त्यातला सातवा बाइट म्हणजे युनिट आयडी. गेटवे पहिले सहा बाइट काढून ठेवतो, युनिट आयडीलाच स्लेव्हचा पत्ता मानतो, शेवटी दोन बाइटचा सीआरसी (चूक ओळखणारी तपासणी-संख्या) जोडतो आणि संदेश तारेवर सोडतो. उत्तर आले की हाच प्रवास उलटा होतो. मोडबस १९७९ मध्ये मॉडिकॉनने आणला, तेव्हा तो सिरियल लाइनसाठीच होता. इथरनेटवर त्याचा गाभा जवळपास तसाच राहिल्यामुळे हे भाषांतर इतके स्वस्तात होते.

पत्ते, पोर्ट आणि पॅरिटी भरून झाली की ड्रायव्हरची, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची, मांडणी संपली, असे वाटण्याचा मोह होतो. माझा अनुभव असा की खरी मांडणी तिथून पुढे सुरू होते, आणि ती जवळजवळ पूर्णपणे वेळेची असते. इथरनेटवर अनेक क्लायंट (ओपनपीएलसी, नोड-रेड यांसारखे विचारणारे प्रोग्राम) एकाच वेळी प्रश्न विचारू शकतात, पण खालच्या तारेवर एका वेळी एकच संवाद चालतो. टपाल कार्यालयात चार दारे असावीत आणि तिकिटांची खिडकी मात्र एकच, तसा हा प्रकार आहे. खिडकीपुढे एक माणूस अडला की चारही दारांतून आलेली माणसे ताटकळतात.

पहिल्या लाइनचा हिशेब मांडतो. इव्हन पॅरिटीमुळे प्रत्येक अक्षर ११ बिटांचे होते, म्हणजे ९६०० बॉडवर एका अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. रजिस्टर (उपकरणातला आकड्याचा दोन बाइटचा कप्पा) वाचण्याची विनंती ८ बाइटची, म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंदांची. वीस रजिस्टरांचे उत्तर ४५ बाइटचे, म्हणजे सुमारे ५२ मिलिसेकंदांचे. संदेशांमधली साडेतीन अक्षरांची शांतता प्रत्येकी ४ मिलिसेकंद घेते आणि उपकरण स्वतः विचार करायला २० ते ३० मिलिसेकंद लावते. एकूण एका उपकरणाला ढोबळमानाने ९५ मिलिसेकंद पुरतात आणि तिन्ही उपकरणे तीनशेच्या आत वाचून होतात. मला दर अर्ध्या सेकंदाला वाचन हवे आहे, तेव्हा कागदावर सारे आरामात बसते.

परंतु एमबसडीच्या नमुना फाइलमध्ये ‘पॉज’, म्हणजे दोन विनंत्यांमधली विश्रांती, १०० मिलिसेकंद दिलेली आहे. तीन उपकरणांना तीनशे मिलिसेकंद विश्रांतीतच गेले, की एकूण फेरी सहाशेच्या घरात जाते आणि अर्ध्या सेकंदाचे वाचन कधीच वेळेवर पूर्ण होत नाही. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. फक्त आलेखातले आकडे हळूहळू शिळे होत जातात, आणि हे लक्षात येणे त्रुटीपेक्षा अवघड असते. जुन्या तापमान नियंत्रकांना थोडी उसंत लागते म्हणून मी ‘पॉज’ शून्यावर न नेता २० वर ठेवला आहे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे गैरहजर स्लेव्ह. त्याच फाइलमध्ये ‘वेट’ (उत्तराची वाट पाहण्याची वेळ) ५०० मिलिसेकंद आणि ‘रिट्राईज’ (पुनर्प्रयत्न) ३ आहेत. एखाद्या नियंत्रकाची वीज काढली, की गेटवे एकूण चार वेळा विचारतो आणि त्याच्यापायी तार दोन सेकंदांहून अधिक काळ अडकून राहते. वरच्या क्लायंटचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, एक सेकंदाचा असेल, तर तो मध्येच कंटाळून पुन्हा विनंती पाठवतो. गेटवे मात्र जुनीच विनंती पूर्ण करत बसलेला असतो, आणि रांग कमी होण्याऐवजी वाढते. बंद पडलेले उपकरण एकच, पण पडद्यावर सारी लाइन मेल्यासारखी दिसते. म्हणून टाइमआउट एकमेकांच्या आत बसले पाहिजेत: गेटवेची सर्व पुनर्प्रयत्नांसह लागणारी वेळ क्लायंटच्या टाइमआउटपेक्षा कमी, आणि क्लायंटच्या टाइमआउटमध्ये रांगेतल्या इतरांची वेळही धरलेली. सध्या ‘वेट’ २०० आणि ‘रिट्राईज’ १ आहे. एक उपकरण बंद असताना सर्वांत वाईट फेरी सुमारे सातशे मिलिसेकंदांची होते आणि क्लायंटचा एक सेकंद तिला पुरतो. अशा वेळी गेटवेकडून अपवाद क्रमांक ११ (मोडबसचा एक त्रुटी-संकेत) येतो, म्हणजे गेटवे जिवंत आहे पण पलीकडचे उपकरण बोलत नाही. हा क्रमांक वेगळा नोंदवून ठेवावा, कारण नेटवर्क तुटणे आणि उपकरण गप्प असणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत.

लाइन रास्पबेरी पायला जोडणारे यूएसबी कन्व्हर्टरही वेळ खातात. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरमध्ये लेटन्सी टायमर (आलेले बाइट संगणकाकडे देण्याआधी थांबण्याची वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. लिनक्सवर तो १ वर आणता येतो आणि लहान संदेशांत त्याचा फरक स्पष्ट जाणवतो. स्वस्त सीएच३४० कन्व्हर्टरची अडचण निराळी आहे. त्यांना सहसा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तसे दोन लावले की वीज जाऊन आल्यावर कोणाला लिनक्स टीटीवाय-यूएसबी-शून्य हे नाव देईल आणि कोणाला एक, याचा भरवसा राहत नाही. आमच्याकडे वीज जाणे नवे नाही. म्हणून भौतिक यूएसबी खाचेवरून नाव देणारा यूडेव्ह (लिनक्समधील उपकरणे ओळखणारी सोय) नियम लिहिला आहे आणि खाचांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत.

ड्राइव्हच्या बाबतीत काळजी दुहेरी आहे. ठरावीक काळ संदेश आला नाही तर मोटर थांबवण्याची सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये असते. माझ्याकडे तो काळ १.५ सेकंद ठेवला आहे. गेटवेच्या नमुना आकड्यांवर शेजारचे मॉड्यूल नुसते बंद केले तरी ड्राइव्ह ट्रिप होईल, म्हणजे मोटर थांबवेल, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. याची उलट बाजू अधिक धोकादायक आहे. माझा ड्राइव्ह कोणताही योग्य संदेश मिळाला की हा टायमर पुन्हा सुरू करतो. संदेश कोणी पाठवला याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि गेटवेमागे सगळे क्लायंट त्याला एकच मास्टर (विचारणारा) वाटतात. नोड-रेड केवळ आलेखासाठी ड्राइव्हचा प्रवाह वाचत राहिले आणि दरम्यान ओपनपीएलसी कोसळले, तरी मोटर निवांत फिरत राहील. यासाठी नोड-रेडचा ड्राइव्हशी थेट संबंध तोडला आहे; ते ड्राइव्हची मूल्ये ओपनपीएलसीच्या स्वतःच्या मोडबस सर्व्हरमधून घेते. आणीबाणीचे थांबा-बटण अर्थातच तारेने सरळ ड्राइव्हला जोडलेले आहे. ते कोणत्याही जाळ्यावरून जाऊ नये, याबद्दल मला चर्चाही नको आहे.

मीटरच्या वाचनात शब्दांच्या क्रमाचा नेहमीचा घोळ होता. त्याची मूल्ये ३२ बिटांच्या दशांशरूपात, दोन रजिस्टरांत असतात. २३० व्होल्ट म्हणजे हेक्स ४३६६ आणि ००००. हे दोन शब्द उलटले की मूल्य जवळजवळ शून्य दिसते. पहिले रजिस्टर १७२५४ (हेक्स ४३६६) च्या आसपास आणि व्होल्टेज मात्र शून्य, असे दिसल्यास वायरिंगला हात लावू नये; दोष शब्दांच्या क्रमाचा असतो. एमबीपोल हे मोडबस वाचून पाहण्याचे साधन वापरणाऱ्यांनी इतके ध्यानात ठेवावे की ते रजिस्टर १ पासून मोजते. मीटरची पुस्तिका शून्यापासून मोजत असेल तर शून्याचा पर्याय द्यावा लागतो.

मोडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. पोर्टपर्यंत जो पोहोचला तो ड्राइव्हला लिहू शकतो, म्हणून रास्पबेरी पायची ही बाजू घरच्या राउटरवर नाही. वेगळ्या स्विचवर आहे आणि फायरवॉल फक्त दोन पत्त्यांना आत सोडते.

आता उरले आहे ते गैरहजर उपकरणाला प्रत्येक फेरीत विचारत न बसण्याचे काम. अपवाद ११ लागोपाठ आला की त्या स्लेव्हला तीस सेकंदांतून एकदाच विचारायचे, ही युक्ती एमबसडीमध्ये करता येत नसल्याने ती क्लायंटमध्ये लिहावी लागेल. नोड-रेडमध्ये ती लिहून झाली आहे. ओपनपीएलसीमध्ये दूरच्या उपकरणांची फेरी रनटाइम (प्रोग्राम चालवणारा त्याचा भाग) स्वतःच फिरवते, त्यामुळे तिथे त्या कोडलाच हात घालावा लागेल असे दिसते.