गल्ल्यामागची माणसं

रविवार, रात्री उशिरा

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मी ज्या दुकानदारांचे हिशेब बघतो त्यांतले बरेच युगांडातून आलेले गुजराती. त्यांतलं एक दुकान आता विकायला काढलंय, म्हणून दिवसभर त्याच्या जुन्या फायली उपसत बसलो होतो. नफा दरवर्षी बरा. पगाराच्या रकान्यात मात्र वर्षानुवर्षं एकही नाव नाही. मग पहाटे पेपरचे गठ्ठे सोडण्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत दुकान चालवलं कुणी? दुकानाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे बा म्हणतात, त्यांच्या यजमानांनी, धाकट्या दिराने, आणि चिप्सच्या खोक्यावर वही ठेवून गृहपाठ करणाऱ्या दोन मुलींनी. कुणाच्या हातावर पगार म्हणून एक पेनीही पडली नाही. तो नफा बराचसा त्यांच्या न दिलेल्या पगाराचाच होता. १९९४ च्या कायद्याने मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडायची मुभा मिळाली, आणि पुढच्याच फायलींत आकडे उतरायला लागलेले दिसतात.

'पन्नास पौंड घेऊन आले आणि लखपती झाले' ही गोष्ट २०२२ मध्ये, हकालपट्टीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, जो तो सांगत होता. मला ती ऐकवत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली. ब्रिटनमध्ये सुमारे अठ्ठावीस हजार लोक आले. त्याच सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती, की तुमच्या आणि कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. आता तेच शहर त्यांच्या नावाने मिरवतं.

दुकान तरी हौसेने कुठे काढलं? बांचे यजमान कंपालात बँकेत कारकून होते. इथे त्यांना मिळाली कारखान्यातली रात्रपाळी. १९७४ मध्ये याच शहरात इम्पीरियल टाइपरायटरच्या आशियाई कामगारांनी बोनस आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांना वाऱ्यावर सोडलं. अशा गावात स्वतःचा गल्ला असला की निदान साहेबाची मर्जी सांभाळावी लागत नाही. शटरवर रात्री कुणी शिव्या रंगवून गेलं, तर उघडण्याआधी थिनरने पुसायच्या, एवढंच. बा हे सांगतात तेव्हा आवाज जराही चढत नाही. थिनरचा डबा कुठल्या फळीवर असायचा तेही त्यांना आठवतं.

युगांडाचा विषय निघाला की मात्र मला अवघडायला होतं. कंपालात घरचं दुकानही होतं; तिथे एक माणूस वर्षानुवर्षं पोती उचलायचा. बांच्या यजमानांपेक्षा वयाने मोठा. त्याचं नाव बांना आठवत नाही. त्याला कधी हिशेब शिकवला का, असं मी एकदा विचारलं. "गल्ल्यावर घरचंच माणूस बसतं ना, भाई," त्या म्हणाल्या. इंग्रजांनी वरती गोरे, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकन अशी उतरंड रचली होती हे खरं. कापसाच्या जिनिंगमध्ये आफ्रिकनांना शिरकाव मिळू नये अशी व्यवस्थाही त्यांचीच. पण मधल्या पायरीवर आपली माणसं चांगली ऐसपैस बसली होती. १९५९ मध्ये युगांडाच्या बुगांडा प्रांतात आशियाई दुकानांवर बहिष्कार पडला, तो काही अमीनने घडवला नव्हता. अमीनने केलं ते क्रूर होतं, यात वादच नाही. फक्त ते आभाळातून पडलं नाही.

घरचा माणूस गल्ल्यावर, बाहेरचा पोत्यांपाशी. याच शिस्तीने त्यांना दोनदा उभं केलं आणि याच शिस्तीने दोन्हीकडे परकं ठेवलं, असं मला वाटतं. (मीही बाहेरचाच. त्यांच्या पै न पैचा हिशेब मला तोंडपाठ, पण धाकटीच्या लग्नात माझी खुर्ची बाहेरच्या माणसांच्या टेबलावर होती. जेवण मात्र एक नंबर.)

मुली फार्मासिस्ट झाल्या, त्यांना दुकान नको. घेणारं कुटुंब श्रीलंकेतलं तमिळ. नवरा-बायको, नवऱ्याचा भाऊ, दोन पोरं. संध्याकाळी बांना फोन करून व्यवहाराचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ही माणसं कशी असतात?"

बँकेने कर्ज मंजूर केलंय, मी म्हटलं.

"ते झालं. पण माणसं कशी असतात?"