ग्लॉक 17 : चाप, नायलॉन आणि बाजारपेठ

ऑस्ट्रियाच्या लष्कराने 1980 साली जुनी वॉल्थर पी-38 पिस्तुले बदलायचे ठरवले, तेव्हा व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम गावातले गास्टन ग्लॉक पडद्यांच्या दांड्या आणि सैनिकांसाठी सुऱ्या बनवणारे कारखानदार होते. पिस्तुलाच्या धंद्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. स्टायरसारखी मुरलेली कंपनी स्पर्धेत असूनही 1982 मध्ये लष्कराने ग्लॉक यांचेच पिस्तूल, म्हणजे ग्लॉक 17, पी-80 या नावाने स्वीकारले. माझ्या मते त्यांचा अननुभवच त्यांच्या पथ्यावर पडला, कारण जपावा असा जुना आराखडा आणि चालू ठेवावी अशी जुनी यंत्रे त्यांच्याकडे नव्हतीच.

नायलॉनवर आधारित पॉलिमरची चौकट ही मात्र त्यांची मूळ कल्पना नव्हे. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने 1970 मध्येच व्हीपी-70 हे पॉलिमर चौकटीचे पिस्तूल बाजारात आणले होते. पण त्याचा चाप इतका जड होता की नेम राखणे अवघड जाई, आणि ते फारसे खपले नाही. ग्लॉकच्या चौकटीत स्लाइड, म्हणजे गोळी सुटताच मागे जाणारा वरचा भाग, सरकण्यासाठी पोलादाच्या छोट्या पट्ट्या साच्यातच बसवलेल्या असतात, त्यामुळे घासला जाणारा भाग धातूचा राहतो आणि तरीही मॅगझिनविना (गोळ्यांच्या पेटीविना) वजन 630 ग्रॅमच्या आसपास भरते. सुटे भाग अवघे 34. ज्याने साच्यातून माल काढण्याचा धंदा जवळून पाहिला आहे, त्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

खरी करामत चापात आहे. चापाच्या दर्शनी बाजूला एक चिमुकली पाती असते आणि ती बोटाने नीट दाबली गेल्याशिवाय चाप मागे सरकत नाही. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, अर्धवट ताणलेली असते आणि उरलेला ताण चाप ओढतानाच पुरा होतो. बाहेर हातोडा नाही, अंगठ्याने हलवायचा सुरक्षा-खटका नाही, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चापाला लागणारा जोर सारखाच राहतो. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्या अमेरिकी पोलिसाला त्यामुळे फारसे नवे शिकावे लागले नाही, आणि मॅगझिनमध्ये 17 गोळ्या मिळाल्या. 1986 च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेल्यानंतर पोलीस खात्यांना अशाच शस्त्राची निकड भासू लागली होती, आणि ग्लॉकने त्याआधीच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना येथे आपले कार्यालय थाटले होते.

त्याच सुमारास हे 'प्लास्टिकचे' पिस्तूल विमानतळाच्या तपासणीतून निसटेल अशी ओरड झाली. वस्तुतः त्याची नळी, स्लाइड आणि स्प्रिंगा धातूच्याच आहेत. 1988 मध्ये अमेरिकेत न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदा झाला, त्यात किमान सुमारे 105 ग्रॅम पोलादाइतके अस्तित्व यंत्राला जाणवले पाहिजे अशी अट आली, आणि ग्लॉक तिच्यात सहज बसले. फुकटची प्रसिद्धी मात्र पदरात पडली. 1994 च्या अमेरिकी कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बनवण्यावर बंदी आणली, तेव्हा जुन्या मॅगझिनचे भाव कडाडले. पोलिसांना नवी पिस्तुले देऊन त्यांची वापरलेली परत घ्यायची आणि ती नागरी बाजारात विकायची, हा व्यवहार त्यामुळे आणखीच फायद्याचा ठरला. बंदी घालणाऱ्यांनी याचा हिशेब केला असेल असे वाटत नाही. पोलिसांच्या कमरेला दिसणारे शस्त्र दुकानात खपते, हे तर उघडच होते.

भारतात 9 मिलिमीटरचे हे काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या मापांत) मोडते, म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हाती ग्लॉक 17 येत नाही. ते दिसते एनएसजीच्या कमांडोंकडे.

सुरक्षा-खटका नसण्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. म्यान चांगले असेल आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय अंगवळणी पडली असेल, तर ही रचना उत्तम. पण घाईत, कपड्याच्या घडीत अडकलेल्या चापाला ती क्षमा करत नाही. 2017 मध्ये अमेरिकी लष्कराने नवे पिस्तूल निवडताना अंगठ्याच्या खटक्याची अटच घातली, ग्लॉकनेही तसा नमुना सादर केला, आणि कंत्राट सिग झाउअरच्या पी-320 ला गेले.